गुलाबी फरशी आणि शालनआक्कांचं दार

चहा घ्या, तोवर माझ्या शहाणपणाचा किस्सा सांगते. खुशाल हसा. त्या दिवशी अख्खी आळी हसली, त्यात आता तुम्हा चौघींची भर.

यंदा संक्रांतीच्या तोंडावर मी घोडेगावच्या घराचा संडास-बाथरूम फोडायला काढला. फरशी बसवणारे रफिकभाऊ जुन्नरहून यायचे. ते म्हणाले, "ताई, सण व्हऊ द्या, मंग फोडू." पण मी कसली ऐकते! हळदीकुंकवाला बायका येणार, त्यांना माझ्या गुलाबी फरश्या दिसायला नकोत?

दिसल्या की. हळदीकुंकवाच्या दिवशी भिंती गुलाबी आणि संडासाच्या भांड्याच्या जागी नुसतं भोक. आम्ही घरचे आठ दिवस मळ्यातल्या जुन्या संडासात जात होतो, पण तिथे जरीच्या साड्यांत कुणाला पाठवणार? तिळगुळावर सिमेंटची धूळ बसली होती. मी म्हटलं, खोबरं आहे.

पहिल्या आल्या छबूकाकू. कुंकू लावायच्या आधीच कानाशी लागल्या, "सुमन, जरा जायचं व्हतं गं."

आता काय करणार? मी म्हटलं, "काकू, शेजारी शालनआक्कांकडे जाऊन या ना."

इथे एक सांगायला हवं. शालनआक्कांना मी बोलावलंच नव्हतं. त्यांचे मालक दोन वर्षांपूर्वी गेले. त्याआधी दर संक्रांतीला माझं पहिलं वाण त्यांना असायचं. आता बायका काय म्हणतील, या भीतीने मी गप्प बसले. कुणी काही म्हटलं नव्हतं बरं का, मीच मनातल्या मनात म्हणवून घेतलं. आणि जिला बोलावलं नाही, तिच्याच संडासात माझ्या पाहुण्या पाठवल्या. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते हेच.

काकू गेल्या त्या परत येईनात. त्यांना बघायला मी लताला पाठवलं, माझ्या धाकट्या जावेला. तीही येईना. मग दोघींना बघायला तिघी गेल्या. अर्ध्या तासात माझी सतरंजी मोकळी झाली.

खिडकीतून डोकावले, तर आक्का मोठ्या पातेल्यातून चहा गाळत होत्या आणि लता भजी तळत होती. दारात आलेल्या बाईला तशीच परत कशी पाठवायची, असा आक्कांचा हिशेब. माझा हिशेब काय होता, ते आठवून मला कसंसंच झालं.

घरात उरलो मी आणि रफिकभाऊ. ते तिळगूळ चावत म्हणाले, "ताई, समदं गाव तिकडंय. तुमी पन जा की."

जायला तर हवंच होतं. दुपारपासून मी दाबून धरलं होतं. बायका कधीही येतील म्हणून मळ्यात जाता येईना आणि आक्कांच्या दारात जायला तोंड नव्हतं. शेवटी अगदीच असह्य झालं, तसं वाणाच्या वाट्यांचं ताट उचललं. म्हटलं, निदान निमित्त तरी चांगलं दिसेल.

आक्का दारातच भेटल्या. आतल्या बायकांनी दाराकडे माना वळवल्या.

"आक्का, तुम्हाला वाण द्यायला आले," मी म्हणाले. "सगळ्यांच्या आधी यायला हवं होतं. बायका काय म्हणतील, याला भ्याले. चुकलं माझं."

ते अगदी मनापासूनचं होतं. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं. फक्त मी एका जागी उभी राहू शकत नव्हते, या पायावरून त्या पायावर चाललं होतं.

आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ताट अलगद माझ्या हातातून काढून घेतलं.

"कळलं गं मला," त्या म्हणाल्या. "आदी आत जाऊन ये. वाण मंग दे, हात धुऊन."