व्हॅनच्या तळाचा पत्रा

माझं तोंड आधी चालतं आणि डोकं मागून येतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सासरे तर म्हणायचे, "सूनबाईंना आधी बोलू द्या, मग विचारा काय झालं ते." पण त्या शनिवारी मी जे केलं त्यावर कोणी हसलं नाही.

आम्ही नागपूरचे. सासऱ्यांच्या सरकारी नोकरीपायी भोपाळला आलो आणि कोलार रोडला घर बांधून इथलेच झालो. कोरोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा माझी लेक चौथीत होती. शाळेची व्हॅन जुनीच, व्हॅनवाले भैयाही जुनेच. दुसऱ्या लाटेत अँब्युलन्स मिळत नव्हती, तेव्हा याच माणसाने याच व्हॅनमधून माझ्या सासऱ्यांना दवाखान्यात नेलं होतं. सासरे वाचले. त्यामुळे भैयांवर माझा डोळे झाकून विश्वास.

शनिवारी लेक घरी आली ती पाण्याची बाटली व्हॅनमध्ये विसरून. गाडी अजून गेटवरच होती. मी आत चढले. बाटली मागच्या सीटखाली गेलेली. ती ओढताना रबरी मॅट सरकली आणि मला खाली रस्ता दिसला.

खरं सांगते, आधी मला कळलंच नाही. गाडीच्या आत डांबर कसं दिसेल? बोट लावलं तर पत्रा पापडासारखा मोडला. बघता बघता माझी मूठ जाईल एवढं भोक.

"आई, मोठं नको ना करू! आमचं आहे ते," लेक मागून ओरडली.

"तुमचं म्हणजे?"

तर पोरं रोज त्यातून चिंचोके टाकत होती. बरोबर स्पीडब्रेकरवर ज्याचा पडेल तो जिंकला. कितीतरी दिवस हा खेळ चालला होता, आणि मी रोज सकाळी हात हलवून टाटा करत होते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू ओरडली असतीस."

बाप्पा रे! मी फोटो काढला आणि भैयांना एक शब्द विचारायच्या आधी व्हॅनमधल्या पोरांच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. "यात आपली लेकरं बसतात. बघा." मग भैयांवर तुटून पडले. "शरम नहीं आती? बच्चों को मारोगे क्या?"

त्यांनी गडबडून कागद काढला. गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटची मुदत लॉकडाउनमध्येच संपली होती, पण सरकार सगळ्यांचीच मुदत वाढवत गेलं होतं. कागद शाबूत होता. गाडीकडे मात्र दोन वर्षांत कोणी वाकून पाहिलं नव्हतं. "अगले हफ्ते फिटनेस के लिए ले जानेवाला था, भाभीजी. मॅट के नीचे मैंने भी नहीं देखा."

"अगले हफ्ते नहीं, अभी!" म्हणत मी पुढच्या सीटवर बसले आणि त्यांना गॅरेजला न्यायला लावलं. वाटेत फोन टुणटुणत होता. सोमवारपासून आमचं मूल येणार नाही, एकामागून एक सगळे लिहीत होते. मला बरंच वाटलं, का खोटं बोलू?

मेकॅनिकने मागची सीट धरून जरा हलवली आणि ती बोल्टांसकट त्याच्या हातात आली. माझ्या लेकीची सीट.

तो खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ये भोपाल की ही गाडी है? ऐसी जंग तो समंदर किनारे लगती है. क्या डालते थे इसमें?"

भैयांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

लाटेत ते रोज कुणाला ना कुणाला दवाखान्यात सोडून यायचे, आणि गेटवर बादली घेऊन मी उभी असायचे. ब्लीचिंग पावडरचं पाणी. पाकिटावर एक चमचा लिहिलेला, मी दोन टाकायचे. "पूरा डालो भैया, मॅट के नीचे भी." वर काचा बंद करून गाडी तशीच ठेवायला लावायचे, म्हणजे विषाणू आतच मरेल. शहाणी ना मी!

"ब्लीचिंग का पानी. मैंने डलवाया," मी मेकॅनिकला म्हटलं. तो हसला. मला हसू आलं नाही.

ग्रुपवर मी सगळं खरं लिहिलं, माफी मागितली. दोन-चार अंगठे आले. मूल मात्र कोणी परत पाठवलं नाही, आणि त्यांना बोलायला मला तोंडच नव्हतं. त्या व्हॅनमध्ये मी तरी लेकीला कुठे बसवणार होते? गाडी महिन्याभरात भंगारात गेली.

नंतर एक दिवस हिंमत करून मी भैयांच्या घरी गेले. त्यांनी खुर्ची पुढे केली. मला रडूच फुटलं. "मेरी वजह से आपकी गाडी गई, भैया."

"गाडी तो लोहे की थी, भाभीजी," ते शांतपणे म्हणाले. "वो पानी आपने मुझ पर भी मारा था."

"नाही हो! असं मी कधी करीन का?" मी चक्क मराठीतच बोलून गेले.

त्यांची बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "पंप से. गेट पर. आपके बाबूजी को अस्पताल छोडके लौटे थे, उसी दिन."

आणि मग आठवलं. कुंड्यांना फवारायचा पंप माझ्या हातात, आणि समोर भैया, डोळे घट्ट मिटून, दोन्ही हात पसरून उभे. पुढून झाल्यावर मी त्यांना म्हटलं होतं, "घूमो." आणि ते वळले होते.