भीमरावांचं भाषण आणि माझी दोन हँडबिलं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मधे हसलात की माझा धागा तुटतो. आता जे सांगतोय ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. लपवायला तरी काय जागा होती म्हणा? निम्मं बंगलोर तिथे हजर होतं. बरं, निम्मं नाही, पण बसवनगुडीतले झाडून सगळे मराठी होते.

साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी एका सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला होतो. मूळचा मिरजेचा, बसवनगुडीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड, त्यात मी आणि मालती. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर नाडगौडा. हा विजापूरकडचा, मराठी आणि कानडी दोन्ही घरच्याच. रोज अकराला आम्ही दोघं बाय-टू कॉफी घ्यायचो, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. दोस्ती घट्ट होती. पण त्या वर्षी आमच्या वॉर्डात कॉर्पोरेशनची निवडणूक लागली आणि मी झालो छत्रीवाला, नाडगौडा झाला शिडीवाला.

ही उमेदवारांची चिन्हं हो. छत्री म्हणजे वकील रंगराव. शिडी म्हणजे कापडवाले भीमराव. दोघंही पिढ्यान् पिढ्या बंगलोरात मुरलेल्या मराठी घराण्यांतले. वॉर्डात मराठी मतं बरीच, म्हणून आमच्या मराठी मंडळानं ठरवलं की दोघांनी एकेका रविवारी सकाळी हॉलमध्ये येऊन मराठीत भाषण करावं.

पहिला रविवार भीमरावांचा. मी गेलो तो खुसपटं काढायलाच. दुसऱ्या रांगेत बसलो.

भीमराव उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, गाव म्हणजे घरांची रांग नव्हे. गाव म्हणजे एका घराच्या दुःखानं दुसऱ्या घरातली चूल विझणं."

माझ्या अंगावर काटा आला. का सांगू? हे वाक्य मला पाठ होतं. मिरजेच्या शाळेत आमच्या हेडमास्तरांनी आपल्या भाषणांची एक पुस्तिका छापली होती. त्यातलं एक भाषण मी सातवीत वक्तृत्व स्पर्धेत घडाघडा म्हटलं होतं आणि बक्षीस मिळवलं होतं. ती पुस्तिका बंगलोरपर्यंत कशी पोचली देव जाणे, पण हे तेच भाषण. शब्द न् शब्द तोच.

मला खुर्चीत बसवेना. भीमराव म्हणाले, "ज्या हातांनी आपण देवाला फूल वाहतो..." आणि मी ताडकन् उठून वरच्या पट्टीत पुढचं म्हटलं, "त्याच हातांनी गटार उपसायची लाज वाटत असेल, तर ते फूल देवाला पोचत नाही."

भीमरावांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत शांतपणे म्हणाले, "सरी, सरी. तुम्हालाही स्वल्प तसंच वाटतं म्हणजे बरं झालं," आणि पुढचं वाक्य वाचायला लागले. मी तेही त्यांच्या आधी म्हटलं. लोक खो-खो हसायला लागले. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या सकाळी मला सातवीतल्यापेक्षा मोठं बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी नाडगौडाला खिंडीत गाठलं. "काय हो, तुमचा उमेदवार वाङ्मयचोर निघाला."

नाडगौडानं कॉफी फुंकली. "आपटे, विचार काय कुणाच्या आजोबांची इस्टेट आहे का? विहिरीतनं चार घागरी पाणी काढलं म्हणून विहीर चोरली असं होत नाही की हो."

"चोरी ती चोरी," मी टेबलावर हात आपटला. "वाक्य चोरलं काय आणि वाटी चोरली काय, हात तोच."

"छान बोललात," नाडगौडा म्हणाला. त्याला राग म्हणून येत नसे. हा त्याचा मोठा दोष.

मी मात्र पेटलो होतो. बळेपेठेतल्या छापखान्यात जाऊन हँडबिल काढलं. डाव्या बाजूला हेडमास्तरांचं भाषण, उजव्या बाजूला भीमरावांचं. वर मथळा, "शब्दचोराच्या हाती वॉर्डाच्या किल्ल्या?" आणि खाली, "आज वाक्य खिशात घालणारा उद्या तुमचा नळ खिशात घालेल."

मालतीनं ते वाचलं. "अहो, हे जरा जास्त नाही का होत?"

"नीतीचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"तुमचे रंगराव काय बोलणार आहेत ते आधी ऐका तरी."

तुम्ही ऐकलं असतंत? मीही नाही ऐकलं. आठवडाभर घरोघरी हँडबिलं वाटली. छत्रीवाले माझी पाठ थोपटत होते. खुद्द रंगरावांनी बोलावून मला उपमा खिलवला आणि म्हणाले, "सार्वजनिक जीवनात सचोटी पाहिजे, आपटे." माझे डोळे भरून आले.

दुसरा रविवार रंगरावांचा. आता मी पहिल्या रांगेत. रंगरावांनी चष्मा लावला आणि काय सुरुवात केली म्हणता? "नागरिक हा शहराचा पाहुणा नसतो, यजमान असतो." वा. मी टाळ्या वाजवल्या. पुढचं वाक्य त्याहून सरस. मी मागे वळून नाडगौडाकडे बघितलं, बघा, याला म्हणतात स्वतःच्या अकलेचं भाषण.

नाडगौडाच्या मांडीवर एक पिवळं पडलेलं मासिक उघडं होतं. तो त्यातल्या ओळीवरून बोट फिरवत होता. आणि रंगरावांच्या बोलण्याबरोबर बोट पुढे सरकत होतं.

मी झटकन् मान पुढे वळवली. तेवढ्यात रंगरावांच्या कागदांची काहीतरी उलटापालट झाली. ते थांबले. कागद खालीवर केले. "आणि म्हणून मी म्हणतो... म्हणून मी म्हणतो..."

मागून नाडगौडा उठला आणि अगदी मदतीच्या आवाजात वाचून दाखवलं, "आणि म्हणून मी म्हणतो, यजमानानंच घर झाडायचं असतं."

"बरोबर," रंगराव म्हणाले. "पुढे?"

हा 'पुढे' त्यांच्या तोंडून निघायला नको होता. नाडगौडानं पुढचं वाचलं. मग त्याच्या पुढचंही. हॉलचं छप्पर उडतंय की काय असा हशा.

आता सरळ माणूस काय करेल? म्हणेल, चुकलं, आमचाही तसलाच निघाला. पण मी पक्षाचा माणूस होतो. घरी आलो, जेवलो नाही, टेबलाशी बसलो. रक्त असं तापलेलं की हात आपोआप लिहीत होता. विचार ही सर्वांची ठेव असते. एका दिव्यानं दुसरा दिवा लागतो. आणि मग एक वाक्य असं सुचलं की मी स्वतःच खूश झालो. सोमवारी रजा टाकून हँडबिल छापलं, खाली ठळक अक्षरांत माझं नाव, आणि संध्याकाळपर्यंत गांधी बाजारात वाटलंसुद्धा.

मंगळवारी अकरा वाजता नाडगौडानं ते हँडबिल कँटीनच्या टेबलावर पसरलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"विहिरीतनं चार घागरी पाणी काढलं म्हणून विहीर चोरली असं होत नाही."

"आपटे," तो हळूच म्हणाला, "ही घागर माझी की हो."

देवाशपथ सांगतो, मला आठवलंच नव्हतं. मला ते सुचलं असंच वाटलं होतं. स्टोअरचे सुब्बण्णा शेजारी बसले होते. घागरीचं बोलणं झालं त्या दिवशीही ते तिथेच होते. ते कानडीत काहीतरी म्हणाले आणि सगळं टेबल हसलं. मी अर्थ विचारला नाही.

पण खरी मेख पुढे आहे. शिडीवाल्यांचंही उत्तराचं हँडबिल त्याच दिवशी निघालं होतं. नाडगौडानंच लिहिलेलं. त्यात मधोमध छापलं होतं, "वाक्य चोरलं काय आणि वाटी चोरली काय, हात तोच." अवतरणचिन्हात. आणि खाली बारीक अक्षरात, 'हे सुंदर वाक्य आमचे मित्र श्री. आपटे यांचे, त्यांच्या आभारासह.'

बोला. माझ्याच वाक्यानं मला हाणलं, आणि वर आभार मानले. माणसानं जावं कुठं?

निवडणुकीत छत्रीही पडली आणि शिडीही. निवडून आला तिसराच एक गृहस्थ, ज्यानं एकही भाषण केलं नव्हतं. आम्हाला त्याचं नावही नीट माहीत नव्हतं.

प्रकरण तिथेही मिटलं नाही. मंडळाचे अध्यक्ष केळकरकाका, वय पंच्याहत्तर, शिस्तीचे कडक. त्यांनी मला बोलावलं. "आपटे, आपल्या हॉलचा तुम्ही तमाशा केलात. एका आठवड्यात चोरीला फाशी, पुढच्या आठवड्यात चोरीला हार. पुढच्या सभेत जाहीर माफी मागा, नाहीतर मंडळातून नाव कमी करतो."

मंडळ गेलं तर माझं काय जात होतं? पण मालतीला त्या गावात दुसरं माहेर नव्हतं. हळदीकुंकू, भजन, मैत्रिणी, सगळं तिथेच. ती नुसती भाकरी थापत राहिली. म्हणून माफी मागायचीच ठरवलं.

तीन दिवस कागद घेऊन बसलो. एक ओळ जमेना. जे लिहीन ते कुठेतरी वाचल्यासारखं वाटे. शेवटी शनिवारी मालतीनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "तुम्ही जरा फिरून या," म्हणाली. मी बुल टेंपलपर्यंत जाऊन आलो तर कागद तयार. फक्त सात ओळी.

रविवारी हॉल भरलेला. रंगराव, भीमराव, नाडगौडा, सगळे हजर. मी उभा राहिलो आणि वाचलं. 'परक्याची चूक मला लांबून दिसली, आपल्या माणसाची मांडीवर बसली तरी दिसली नाही. दृष्टी अधू नव्हती, मन अधू होतं. ज्यांना मी दुखावलं त्यांना एवढंच सांगतो, की पुन्हा कुणाकडे बोट दाखवण्याआधी मी आपल्या घरात पाहीन.' अशा सात ओळी.

मी खाली बसलो. मग भीमरावांनी येऊन मला मिठी मारली. रंगराव चष्मा पुसत होते. केळकरकाका उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"इतक्या वर्षांत या हॉलमध्ये इतकं खरं बोललेलं मी ऐकलं नाही. काळजातून आलेले शब्द लपत नाहीत. आपटे, स्वतः लिहिलंत?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. बायकांच्या रांगेतून मालतीही बघत होती.

"हो," मी म्हणालो.