मी तिला खोटं पाडलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तिने केलेल्या पुरणपोळ्या मी कॅनडातल्या कनाटा या उपनगरात एका कॉफीच्या दुकानामागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, आणि घरी जाऊन तिला म्हणालो, "संपल्या. सगळ्यांनी नाव काढलं."

होळीचा पॉटलक होता, प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून न्यायचा. बाहेर बर्फ तसंच. मुलीला ताप म्हणून बायको घरी राहिली आणि मी ट्रे घेऊन एकटा गेलो. कनाटात नवीन होतो. आमचं आडनाव मी नोकरीला लागतानाच बदललं होतं. गावाच्या नावाला 'कर' लावलं की कुणी जास्त विचारत नाही, असा माझा हिशेब होता.

तिथे एक रिटायर्ड डॉक्टर काका होते. माणूस बोलायला गोड.

"गाव कुठलं म्हणालात?"

मी सांगितलं.

"अरे वा, आमच्याच तालुक्यातलं! पण तिथे या आडनावाचं कुणी नव्हतं हो. कुणाचे तुम्ही?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. शाळामास्तर होते ते. काकांचा चेहरा उजळला.

"मास्तरांचे! अहो, वेशीबाहेरच्या वस्तीतले ते. फार हुशार माणूस." मग सगळ्यांकडे वळून, "बघा, सवलतींमुळे लोक कुठून कुठे पोचतात! कौतुक आहे."

कुणीतरी म्हणालं, चला, गरम आहे तोवर घ्या.

टेबलावर श्रीखंडाचा डबा तळापर्यंत खरवडला गेला. गुलाबजाम संपले. आमच्या ट्रेवरचं फॉइल कुणी उघडलं नाही. मीच उघडलं. एक पोळी घेतली, उभ्यानेच खाल्ली. मग अजून एक. ट्रे सुरू झालेला दिसावा म्हणून. निघताना ज्यांच्या घरी पॉटलक होता त्या बाईंनी तो माझ्या हातात दिला. "आज गोडच फार झालं हो. घेऊन जा, मुलांना होईल."

तेव्हा राग यायला हवा होता. मला लाज वाटली. त्यांची नाही, पोळ्यांची.

पुढे बरीच वर्षं मी असाच राहिलो. ऑफिसात चांगलं चाललं होतं. मराठी लोकांत जात राहिलो, हसत राहिलो. बायकोला सांगून टाकलं, इथले लोक डाएटवाले, काही करून न्यायची गरज नाही, मी समोसे विकत आणतो. तिने पोळपाट कपाटात वर ठेवून दिला.

मग एक दिवस मीटिंगमध्ये नवीन मॅनेजरने सहज विचारलं, तुमच्या आडनावाचा अर्थ काय? माझा श्वास अडकला. घाम, छातीत धडधड. मला वाटलं हार्ट ॲटॅक. डॉक्टर म्हणाले, हार्ट ठीक आहे, काउन्सेलरकडे जा.

गेलो. काउन्सेलरला कामाचा स्ट्रेस सांगितला, विंटर सांगितला, झोप सांगितली. जात सोडून सगळं. तिला ते कळत असावं. तिने मनाला घाव बसलेल्यांचा एक ग्रुप सुचवला. ज्यांचं एकट्याचं काउन्सेलिंग आधीच चालू आहे त्यांच्यासाठीच तो होता. म्हणजे जखम उघडली तर ती सांभाळायला प्रत्येकाचं आपलं माणूस बाहेर असतं. कम्युनिटी सेंटरची खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या. ग्रुप चालवणाऱ्या बाईचं नाव केली. तिचे नियम साधे. इथलं बाहेर न्यायचं नाही. एकमेकांना बाहेर भेटायचं नाही. काय घडलं याचे सगळे तपशील नकोत, आत काय होतं ते सांगा. आणि बोलायचं नसेल तर नुसतं 'पास' म्हणा.

मी पास म्हणायचो. दर वेळी. कुणी रागावत नसे.

ग्रुपमध्ये एक मुलगी होती. कॉलेजला आलेली, मराठवाड्यातली. तिचं नाव लिहीत नाही. तो एक नियम तरी पाळतो. एका बैठकीत तिने तोंड उघडलं. एका मराठी बाईंच्या बेसमेंटमध्ये ती भाड्याने राहायची. वरचं किचन वापरायचं असं ठरलेलं. एकदा बाई खाली आल्या आणि त्यांनी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला. दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनशेजारी एक इलेक्ट्रिक शेगडी आणून ठेवली. म्हणाल्या, तू आता इथेच करत जा, तुलाही मोकळं वाटेल.

"आता काय होतं तुला?" केलीने विचारलं.

"हात," ती म्हणाली. "कुठल्याही घरात भांडं उचललं की हात कापतात माझे."

तिच्या शेजारी डग बसायचा. पूर्वी ॲम्ब्युलन्स चालवायचा. सरळ माणूस. तो म्हणाला, "मला कळलं नाही. फोटोचा आणि किचनचा काय संबंध?"

ती सांगायला गेली. इंग्रजीत तिला ते जमेना. जात हा शब्द तिने तीनदा उच्चारला आणि तीनही वेळा तो त्या खोलीत नुसताच पडून राहिला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुसरा इंडियन मीच.

केली लगेच म्हणाली, "तुम्हाला उत्तर द्यायची सक्ती नाही. पास म्हणू शकता."

म्हणू शकत होतो. नेमकं त्या दिवशी म्हटलं नाही.

मी घसा साफ केला आणि चांगल्या, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "हे पूर्वी इंडियात होतं. इथे नाही. आमचे लोक शिकलेले आहेत. त्या बाईंना फोडणीच्या वासाचा त्रास होत असेल. नवीन आलेली मुलं थोडी सेन्सिटिव्ह असतात."

आमचे लोक. असं म्हणालो मी. ज्यांनी माझ्या बायकोच्या हातचं खाल्लं नाही, ते आमचे लोक. ती मुलगी माझी कुणी नाही.

खोलीला बरं वाटलं. ते दिसत होतं. सगळ्यांना सोपं झालं. पुढच्या फेरीत मुलगी म्हणाली, पास.

बाहेर जॅकेटं टांगायच्या जागी ती बूट घालत होती.

"काका, तुम्ही मराठी ना?"

"हो."

"मग तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"अगं, तू नवीन आहेस. इतकं मनाला लावून घेऊ नये. अभ्यासाकडे लक्ष दे."

तिने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"बरं. जय भीम, काका."

माझे वडील रोज हा शब्द बोलायचे. दारात, रस्त्यात, शाळेच्या फाटकाशी. मरताना आवाज गेला होता तरी ओठ हलायचे. या शब्दाला काय उत्तर द्यायचं हे मला बोलायला लागण्याआधीपासून माहीत आहे.

मी म्हणालो, "ओके. टेक केअर."

"कळलं," ती म्हणाली. आणि गेली.

पुढच्या बैठकीला तिची खुर्ची रिकामी. त्याच्या पुढच्याही. केली म्हणाली, तिने ग्रुप सोडलाय. मी पास म्हणालो.

चहा-कॉफीच्या टेबलापाशी डग माझ्याजवळ आला. खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं तुम्ही त्या दिवशी समजावलंत. मी त्या बाईला उगाच वाईट ठरवणार होतो. थँक्स."

त्याने माझे आभार मानले. प्रामाणिकपणे. मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, परत खुर्चीवर येऊन बसलो. माझी पाळी आली तेव्हा पास म्हणालो नाही.

"मी खोटं बोललो," मी म्हणालो. "मी बौद्ध आहे. माझ्या आजोबांना गाव महार म्हणायचं आणि त्यांनी विहिरीला हात लावला तर मारायचं. हे माझं खरं आडनाव नाही." मग वडिलांचं आडनाव सांगितलं. कॅनडात पहिल्यांदाच ते माझ्या तोंडातून आलं. "ती मुलगी सांगत होती ते सगळं खरं होतं. फोटो बघितला आणि शेगडी खाली गेली. संबंध एवढाच. मला तो पहिल्या वाक्यालाच कळला होता."

केली हळू आवाजात म्हणाली, "यात सांस्कृतिक फरकांचं खूप ओझं दिसतंय. आणि तुम्ही स्वतःला वाचवत होतात. स्वतःशी जरा मायेने वागा."

"नो," मी म्हणालो. मोठ्याने निघालं. "हे कल्चर नाही. जात आहे. लिहायचं तर तोच शब्द लिहा. आणि माया मला नको. मला कुणी कोंडलं नव्हतं. तुम्ही पास दिला होता. मी तिला विकलं, कारण तुमच्यात मला बरं दिसायचं होतं."

डगने मान खाली घातली. कुणी माझी समजूत काढली नाही. बरं केलं.

संपल्यावर मी केलीला विचारलं, ती परत येईल का? केली म्हणाली, "तिने एवढंच सांगायची परवानगी दिली आहे. जिथे आपलं खरं आपल्यालाच सिद्ध करत बसावं लागतं, तिथे ती येणार नाही."

मी म्हणालो, मग मी जातो. तिला सांगा, तो माणूस आता तिथे नसतो.

माझी काउन्सेलर म्हणते, तुम्हाला ग्रुपची गरज होती. होती. अजून आहे. श्वास अजूनही अडकतो. पण त्या खोलीत बसायचा हक्क आधी तिचा आहे. ऑफिसात आणि बँकेत वडिलांचं आडनाव परत लावायला मी अप्लाय केलंय. बायकोला आज रात्री जेवणाआधी सगळं सांगणार आहे. ती जे बोलेल ते उभं राहून ऐकणार आहे. याने काही फिटत नाही. हे माझ्या घरचं झालं.

त्या मुलीचं राहिलंच आहे. मी तिला चारचौघांत खोटं पाडलं, आणि तिचं खरं होतं हे तिच्या माघारी सांगितलं. ते तिच्यासमोर सांगायचं आहे. ती बोलावेल तेव्हा, ती म्हणेल तिथे, ती म्हणेल त्यांच्यासमोर. तिने कधीच बोलावलं नाही, तर हे देणं घेऊन मी मरेन. तिच्याकडे माफी मागणार नाही. मी तिला एक साक्ष देणं लागतो.