शक्यता जास्त की कमी?

आर्डिस क्वामेनं उभी हयात शाळेची बस चालवली. विस्कॉन्सिनच्या पश्चिमेकडच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर, बर्फातही गाडी घसरू न देणारी बाई म्हणून तिचं नाव होतं. मागच्या बाकावर मारामारी करणाऱ्यांना ती नुसत्या आरशातून डोळे वटारून गप्प करायची. त्या पोरांना आता पोरं झाली होती. त्यामुळे नवरा गेल्यावर ती राज्याच्या विधानसभेला उभी राहिली, याचं गावाला काही नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिचं तिलाच.

तिला उभं केलं जोॲन पेल्झरनं. चर्चच्या तळघरात इतकी वर्षं दोघींनी शेजारी उभं राहून कॉफी ओतलेली, जिवाभावाची मैत्री. प्रचाराचा सगळा कारभार जोॲनकडे. आर्डिसनं एकच अट घातली होती, मारिटचा विषय कुठंही निघता कामा नये.

मारिट ही आर्डिसची एकुलती एक लेक. ऐन विशीत वृद्धाश्रमात कामाला असताना तिला वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लागलं आणि तिनं तिथल्याच म्हाताऱ्यांच्या गोळ्या चोरल्या. आर्डिसनं संचालकांचे अक्षरशः पाय धरले, तेव्हा कुठं पोलीस टळले. पोरीला व्यसनमुक्ती केंद्रात पोचवलं ते जोॲननं, कारण आर्डिसची बस सुटायची वेळ झाली होती. "हे कुणाला म्हणजे कुणाला कळणार नाही," असा शब्द आईनं लेकीला दिला. मारिट सावरली. आता ती बालवाडीत शिकवत होती आणि गाव बिनघोर तिच्याकडे पोरं सोडत होतं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी आर्डिसच्या घरचा फोन वाजला. फोन अजून नवऱ्याच्याच नावावर. निवडणुकीबद्दल लोकांचा कौल घेतोय, असं एक माणूस अदबीनं म्हणाला. राजधानीतली पक्षाची मंडळी सुरुवातीचा कौल पाहिल्याशिवाय मदत करत नाहीत, म्हणून अशी चाचणी लावलीय, हे जोॲननं तिला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं.

"घरातलं कुणी राजकारणात आहे का?" त्यानं आधी विचारलं. हो म्हटलं की हे लोक फोन ठेवतात. आर्डिसला खोडी सुचली.

"छे हो! आमच्या घरात कुठलं आलंय राजकारण?"

"आर्विस क्वाम यांच्याबद्दल तुमचं मत?"

"बाई म्हणजे सोनं आहे! नाव तेवढं नीट घ्या तिचं."

ती तोंडावर हात दाबून हसत होती. पुढचा प्रश्न त्यानं त्याच सुरात वाचला. "आपल्या मुलीनं वृद्धाश्रमातली औषधं चोरल्याचं प्रकरण या उमेदवारानं दडपलं, असं तुम्हाला कळलं, तर तुम्ही त्यांना मत देण्याची शक्यता जास्त, कमी, की काहीच फरक नाही?"

आर्डिसनं फोन ठेवला.

गावाचं दर शुक्रवारचं तळलेल्या माशांचं जेवण अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये असायचं. जोॲन तिथं कोबीची कोशिंबीर कालवत असताना आर्डिसनं तिला गाठलं.

"मारिटचं त्यांना कुणी सांगितलं?"

"तुलाच फोन आला? अगं, खुद्द उमेदवाराला! काय एकेक नग आहेत."

"जोॲन, कुणी सांगितलं?"

"मी. हे बघ, समोरच्यांनी ऐन ऑक्टोबरात, मतदानाच्या तोंडावर काढलं असतं तर? आपलं उणं आपणच आधी तपासायचं असतं, सगळे तसंच करतात. आणि बातमी चांगली आहे! कालपर्यंतच्या फोनांत निम्म्याहून जास्त लोकांना फरकच पडत नाहीये. बायकांना तर तू जास्तच आवडतेस. याची एक छान जाहिरात केली ना..."

"समोरच्यांना माहीत होतं?"

जोॲनचा हात थांबला. "अजून नव्हतं."

"आता घरोघरी माहीत आहे."

"तुझ्यासाठीच केलं गं मी."

इतक्या वर्षांच्या मैत्रिणीनं केसानं गळा कापला होता, आणि वर कौतुकाची वाट बघत होती. आर्डिसला तिच्या तोंडाकडे बघवेना. ती तशीच मारिटकडे गेली.

मारिटनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"काल मला फोन आला होता," ती म्हणाली. "घरात कुणी राजकारणात नाही, अशी थाप मारली मी. म्हटलं, आईला एक चांगलं मत देऊन टाकावं. मग त्याचा प्रश्न माझ्यावर आला."

"मी नाही गं सांगितलं! जोॲननं..."

"जोॲनला कुणी नेमलं?"

"मी उद्या नाव मागे घेते," आर्डिस म्हणाली.

"घे, नाहीतर नको घेऊस. आज एक आई पोराला न्यायला लवकर आली. कारण नाही सांगितलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

आर्डिसनं तिचा हात धरायला हात पुढं केला. मारिटनं आपला मागं घेतला. नको तो प्रश्न तेवढ्यात आईच्या तोंडून गेलाच. "तू काय सांगितलंस त्याला?"

"तीनच उत्तरं होती," मारिट म्हणाली. "मी म्हटलं, कमी."

आणि तिनं दार लावून घेतलं.