जर्मन गाण्याला राहुरीची झील

"जा, पण सुमनसोबत," आई म्हणाली. म्हणून नव्वदच्या दशकातल्या त्या मे महिन्यात शिवाजीनगरच्या एसटी स्टँडवर आम्ही तिघं उभे होतो. मी कॉलेजात जर्मन शिकत होते. सुमनमावशी राहुरीची शिक्षिका, सुट्टीला पुण्यात आलेली, आता घरी परत निघालेली. आणि तिसरा यान, आमच्या जर्मनच्या बाईंचा पाहुणा. शहर पुरे झालं, गाव दाखव, असं त्यानेच म्हटलं होतं.

यान चार मित्रांच्या बँडमध्ये गायचा. अर्धं गाणं गायचा आणि अर्धं घशाच्या तळातून ओरडायचा. गिटारी कर्कश, शब्द मात्र हळवे, आणि सगळे जर्मन. तळघरात सुरू झालेला त्यांचा बँड आता बऱ्यापैकी हॉल भरू लागला होता. एका कंपनीला त्यांची रेकॉर्ड काढायची होती, पण इंग्रजीत गायचं या अटीवर. बाकीचे तिघं तयार होते. शब्द यान लिहायचा, त्यामुळे सगळं त्याच्यावर अडलं होतं. सोमवारी त्याने फोनवर उत्तर द्यायचं होतं.

"मग इकडं कशाला आलाय?" मावशीने माझ्यामार्फत विचारलं.

"विचार करायला."

"मे महिन्यात? राहुरीत?"

शिरूरला गाडी थांबली तेव्हा भेळ घेतली. नगरला गाडी बदलली. आता रस्ता रुंद झालाय, तेव्हा ट्रकमागून रांगत जावं लागायचं. नगरच्या पुढे उसाची शेतं सुरू झाली आणि खिडकीतून येणारा वारा जरा निवला. तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा. मुळा धरणाला पाणी असतं आणि गुऱ्हाळंही चालू असतात.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. दिवसभर मावशीच्या घरी खिरीचं पातेलं हलवण्यात गेलं. ऊन उतरल्यावर वस्तीतल्या विहारासमोर सतरंज्या पडल्या. मावशीचे दीर, अण्णा, साखर कारखान्यात कामाला होते आणि वस्तीचे शाहीर. हातात डफ, मागे दोन झीलकरी. शाहिराची ओळ संपली की तिचा शेवट उचलून पुढे न्यायचा, हे त्या दोघांचं काम. "जी जी जी" ऐकताना यानची बोटं गुडघ्यावर वाजायला लागली.

अण्णांनी ते पाहिलं. "पाव्हनं, तुमी बी गाता म्हनं?"

"अण्णा, तो ओरडतो हं," मी आधीच सांगून टाकलं.

"मंग आमी काय कुजबुजतो व्हय?"

यान उठला. त्याच्या गाण्यात काय आहे ते मी लोकांना आधी सांगितलं. त्याच्या वडिलांचा काचकारखाना बंद पडला. दुसऱ्या दिवशीही ते नेहमीसारखे डबा भरून बसले, पण सकाळचा भोंगा वाजलाच नाही. भोंगा म्हटल्यावर सगळे पुढे सरकून बसले. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं ती.

मग तो ओरडला. एक बाळ दचकून रडायला लागलं. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पानी द्या रं त्याला कुनी!" कडव्याच्या शेवटी त्याची ओळ 'आम मॉर्गन'वर, म्हणजे 'सकाळी' या शब्दांवर येऊन थांबली. आणि सवयीने, अर्थ न कळता, झीलकऱ्यांनी ती उचलली: "आम मॉर्गन, जी जी जी!"

यान थांबलाच.

"थांबू नगा!" अण्णांनी डफावर थाप मारली.

शेवटच्या कडव्याला बायकाही झील धरत होत्या.

खिरीच्या वाट्या फिरल्या तेव्हा ती म्हातारी यानजवळ येऊन बसली. "बापाला ठावं हाय का, त्याच्यावर गानं हाय ते?"

मी जर्मनमध्ये सांगितलं. "येतात ऐकायला," यान म्हणाला. "दाराशी उभे राहतात. गिटारींचा त्यांना त्रास होतो."

"इंग्रजी येतं त्यांना?" मावशीने सहज विचारलं.

यानने मान हलवली, नाही. मावशीने आणखी खीर वाढली.

सोमवारी सकाळी आम्ही धरणावर फिरून आलो. दुपारी बाजारातल्या आयएसडी बूथमध्ये तो शिरला. काचेपलीकडून सगळं ऐकू येत होतं आणि पहिल्यांदाच मला वाटलं, आपल्याला जर्मन कळत नसतं तर बरं होतं. फोनवर पलीकडे त्याचा जिवलग मित्र, बँडचा ड्रमर होता. यान शांतपणे एवढंच म्हणत होता, "मी नाही लिहिणार इंग्रजीत." मग पलीकडून फोन ठेवला गेला असावा, कारण यान रिसीव्हर कानाला धरून तसाच उभा राहिला.

"काय झालं गं?" मावशीने विचारलं.

"नाही म्हणाला. मित्र तुटला."

मावशी समोरच्या रसाच्या गाड्यावर गेली. उसाचा रस घेऊन आली, बर्फ न घालता. घसा बसला होता त्याचा.

पुण्याला परतल्यावर पुढचं बाईंकडून कळत गेलं. कंपनीने अंग काढून घेतलं. नवा ड्रमर मिळाला. मग एका लहानशा कंपनीने जर्मन गाण्यांची कॅसेट काढली आणि ती आधी त्यांच्या गावात, मग दूरदूर वाजू लागली. हॉल मोठे होत गेले. जुना मित्र मात्र परत आला नाही. यानला त्या 'नाही'ची तेवढी किंमत मोजावी लागली. राहुरीमुळे तो नाही म्हणाला, असा दावा मी करणार नाही. कदाचित तो ठरवूनच आला असेल आणि त्याला फक्त बोलायला बळ हवं असेल.

एक कॅसेट माझ्यापर्यंतही आली. पुढच्या सुट्टीत मावशी आली तेव्हा मी ती लावली. ती मेथी निवडत होती. गिटारी ऐकून तिने कपाळाला आठ्या घातल्या. भोंग्याचं गाणं आलं. कडवं संपता संपता यानचा आवाज फाटला, आणि त्याच्या मागून दोन आवाजांनी ओळ उचलली: आम मॉर्गन. तिथं 'जी जी' नव्हतं.

मेथीतून मान वर न काढता मावशीने ते आपल्या आवाजात घातलं.