सुपडूनानांचा 'ळ'

माईकसमोर बसण्याआधी सुपडूनाना चूळ भरत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि डोळे मिटून दणदणीत खाकरत. ते खाकरणं कर्ण्यातून साऱ्या बसस्टँडवर जाई. फलाटावरची कुत्री दचकून उठत. मग घोषणा होई, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! अमयनेर, पारोया, धुये इकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे!"

होय, अमयनेर, पारोया, धुये. नाना यावलकडच्या केळीच्या बागांतले, आणि तिकडे सगळं पिकतं, फक्त 'ळ' पिकत नाही. केळीची केयी होते, सकाळची सकाय. त्यात काही विशेष नाही. विशेष हे, की जळगावच्या त्या स्टँडवर 'ळ'चा सर्वांत कडवा राखणदार कोण, तर हेच सुपडूनाना!

मी नाशिकहून बदलून चौकशीच्या खिडकीत आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"म्हना, चायीसगाव."

"चाळीसगाव."

"शाब्बास! माह्यासारखं सुद्ध बोलता तुम्ही. नाहीतर इथले लोक! जिभेले काय लकवा मारला का यांच्या?"

मी मान खाली घालून रजिस्टर चाळत बसलो. हसू दाबायला दुसरी जागा नव्हती. कँटीनचे युसूफभाई तर मुद्दाम डाव टाकत.

"नाना, केयी घेता का?"

"केयी नाही रे युसूफ, केयी म्हन. केयी!"

"तेच तर म्हनतो, केयी."

"पुन्हा तेच! अरे, तुह्या कानात बोळा हाये का?"

(हा 'बोळा'तला 'ळ' माझा आहे. नाना 'बोया' म्हणाले.)

नानांची मुलगी धुळ्याला दिलेली. जावई भला माणूस, पण तोही 'धुये' म्हणे, आणि नानांना ते सोसत नसे. "धुयाच्या मानसाले धुये म्हनता येऊ नये म्हनजे काय!" शेवटी त्यांनी बेत केला. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक-जावई येणार, तेव्हा जावयाला भेट म्हणून एक कॅसेट द्यायची. कॅसेटमध्ये नानांच्या शुद्ध घोषणा. ऐकून ऐकून शिकेल बापडा. युसूफभाईंनी कव्वाल्यांचा टेपरेकॉर्डर आणला, कर्ण्याखाली ठेवला, आणि भरदुपारी रेकॉर्डिंग झालं.

ऐकायला आम्ही तिघे कँटीनमध्ये बसलो. नाना हसतमुख, जणू सत्काराला आले होते. टेप सुरू झाला आणि ते हसू उतरत उतरत मिशीत नाहीसं झालं.

"हा कोन बोलून राहिला?"

"नाना, तुम्हीच."

"काहीतरीच! हा कोनी बारीक आवाजाचा, नाकातून बोलनारा मानूस हाये. आन बेटा पारोयाले पारोया..." नाना थांबले. टेपमधलं खाकरणं आलं होतं. मागोमाग कुत्रं भुंकलं.

"खाकरनं माहं हाये," ते हळूच म्हणाले.

युसूफभाईंनीही चेष्टा केली नाही, म्हणजे बघा. नानांनी चहा अर्धा ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माईक माझ्याकडे सरकवला. "तुम्ही बोलत जा. मी पास लिहितो. इतकी वर्सं लोक मले हसत असतील, आन मी समजलो की मान देतात."

मी कुठे तरी वाचलेलं त्यांना सांगितलं. आपला आवाज जगाला हवेतून ऐकू येतो, आपल्याला मात्र डोक्याच्या हाडांतूनही येतो, म्हणून स्वतःला तो भरदार वाटतो. शिवाय मेंदू आपलं बोलणं नीट ऐकत बसत नाही. काय बोलायचं ते त्याला आधीच ठाऊक असतं.

नानांनी मान वर केली. "म्हनजे माही हाडं सुद्ध, आन हवा असुद्ध?"

विनोद बरा होता, पण नाना हसले नाहीत. मला काळजी वाटली ती त्याची. माईक गेला, तर या माणसात उरणार काय?

मग एका दुपारी पारोळ्याकडची एक अक्का आली. गाडीची चौकशी करून बाकावर बसली आणि गाठोड्यावर डोकं टेकून झोपली. गाडी लागली. मी माझ्या स्वच्छ नाशकी वाणीत 'पारोळा, पारोळा' असा घोष केला. स्टँडवर हॉर्न, फेरीवाले, रडणारी पोरं. अक्का ढिम्म. कंडक्टरने दोरी ओढली, गाडी हलली, आणि पासच्या टेबलावरून नाना उठले. चूळ नाही, टोपी नाही. माझ्या हातातून माईक ओढून त्यांनी हाळी दिली, "पारोयाऽऽ!"

अक्का गाठोड्यासकट उभी राहिली. तिच्यामागे आणखी दोघंतिघं पिशव्या उचलून धावले. जाता जाता अक्का खिडकीशी थबकली.

"आते बलावं का रे भाऊ? मी तं कवयनी बठेल शे! हाऊ भाऊ कोनता गावनं नाव ली राहिंता?"

मी केव्हाची बसलेय, आत्ता बोलावता होय, आणि हा भाऊ कुठल्या गावाचं नाव घेत होता, असं ती अहिराणीत विचारत होती. 'हाऊ भाऊ' म्हणजे मी. झोपलेल्या माणसाला सगळा गोंगाट परका असतो, फक्त आपलं गाव आपलं असतं. आणि तिचं गाव पारोया होतं. पारोळा हे भलतंच कुणाचं तरी गाव होतं.

गाडी थांबली, अक्का चढली. नाना माझ्या खुर्चीत बसले. उठायचं नाव नाही.

"नाना," मी डिवचलं, "ऐकलंत का, काय म्हणालात ते?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माह्या कानानं मी बराबर म्हनलो. अक्काच्या कानानं बी बराबर म्हनलो. आता तुमच्या कानाचं तुम्ही पहा!"