देवकाबाई उठली नाही तोवर

मी मनोहर गजभिये, बेलढाणा ग्रामपंचायतीचा सचिव. राहतो सौंसरले, रोज बसनं जाणं-येणं करतो. गावात काही चांगलं झालं तं ते सरपंचानं केलं, आन् वाईट झालं तं सचिवानं. अकरा वर्षं हेच ऐकून राहिलो. म्हणून आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट देवकाबाई इनवातीच्या हुशारीची आहे. माही हुशारी फक्त मधात आडवी आली.

देवकाबाई गोंडाची बाई. साठी ओलांडलेली, उंचीनं माह्या खांद्याइतकी, पण आवाज असा का पोंगा लावायची गरज नाही. धंदा सयपाकाचा. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत कोणाचा नवस फिटो का कोणाच्या घरी नवा ट्रॅक्टर येवो, रोडगे देवकाबाईचेच. रोडगा म्हणजे कणकेच्या पाऱ्या एकावर एक ठेवून वळलेला गोळा. तो गोवऱ्यांच्या आरात भाजायचा, राख झटकायची, फोडायचा आन् तुपात बुडवायचा. सोबत वांग्याची भाजी, अशी झणझणीत का नाकातून पाणी. आधी गावातले काही म्हातारे गोंडाच्या हातचं खात नव्हते. मंग एका नवसाले तिच्या आराचा वास सुटला, आन् त्यातलेच दोघं जण गोठ्यामागं लपून चार-चार रोडगे हाणताना सापडले. तेव्हापासून बाटायचा विषय कोणी काढला नाही.

रोडग्याच्या पंगतीची बेलढाण्यात एक रीत आहे. एका आराचे रोडगे एकाच पंगतीत खायचे. भाजणारी बाई सगळ्यात शेवटी बसते, आन् ती उठल्याशिवाय पंगत उठत नाही. कोणी मधातच उठला तं त्यानं अन्नाचा अपमान केला. त्याच्या घरच्या कार्याले मंग ना सयपाकीण येत, ना जेवणारे येत.

आता बाईचं दुखणं सांगतो. डोंगराच्या उतारावर तिचं दोन एकराचं वावर. सासूनं दगड वेचून काढलेलं, तिनं चाळीस वर्षं कुटकी पेरलेलं. बांधावर नवऱ्याचा दगड, गोंडाच्या रीतीनं त्याले तिथंच माती दिली. पण कागदावर ते जंगल. वनाधिकाराच्या पट्ट्यासाठी अर्ज केला, मोजणी झाली, नकाशा झाला; अडलं ते ग्रामसभेच्या ठरावावर. ठरावाले गावातले निम्मे मोठे माणसं हजर पायजेत. आमच्याकडं एकशे अठ्ठ्याऐंशी, म्हणजे चौऱ्याण्णव लागतात. पहिल्या सभेले तेवीस आले. दुसरीले एकोणीस, त्यातले चार झोपायले. गाव कधी कापूस वेचायले गेलेलं, कधी संत्रा तोडायले. मी सभेच्या रजिस्टरात, म्हणजे पंजीत, लिहायचो, "गणपूर्ति न होने से सभा स्थगित", पंचायतीच्या मागं एकटा बसून घरचा डबा खायचो, आन् चारची बस पकडायचो. खोटं कायले बोलू, बस सापडली का बरंच वाटायचं.

गेल्या साली दिवाळी झाली आन् जंगल खात्याचा नाकेदार मजूर घेऊन आला. तिच्या वावरात सागवानासाठी साठ खड्डे खणून गेला. म्हणे, पावसाळ्यात रोपं लागतीन. देवकाबाई माह्या टेबलासमोर येऊन बसली.

"सचिवबाबू, एक खड्डा माह्या बुढ्याच्या दगडाले टेकून खणला."

मी म्हटलं, "बाई, जानेवारीच्या आठ तारखेले उपखंड समितीची बैठक आहे. त्याच्या आत ठराव पोचला तं ठीक, नाही तं फाइल वापस येते, आन् सागवान लागते."

तिनं बोटावर दिवस मोजले आन् उठून गेली.

आन् त्याच आठवड्यात बातमी आली: सरकारनं आदिवासींच्या हक्काच्या जागतिक जाहीरनाम्याले पाठिंबा दिला. झालं! राजकारणाले ताप चढला. सत्तेतल्या पक्षाचे भूपेंद्रभाऊ, पांढुर्ण्याचे संत्र्याचे व्यापारी, यांनी आभार सभा जाहीर केली. म्हणे, कोणी दिलं नाही ते आमी दिलं. विरोधातले राजूभाऊ, सौंसरचे वकील, यांनी जाब सभा जाहीर केली. म्हणे, हे आमच्याच काळात ठरलं होतं, आन् ही शुद्ध फसवणूक आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते वकिलालेच माहीत. आभार मानायले आदिवासी पायजेत, आन् जाब विचारायलेही आदिवासीच पायजेत. पक्क्या रस्त्याले लागून असलेलं गोंडाचं गाव म्हणजे आमचं बेलढाणा, तिथपर्यंत गाडी जाते. दोघांनीही एकच रविवार धरला. जाहीरनामा दोघांनीही वाचला नव्हता. मीही वाचला नव्हता, पण माहा फोटो बॅनरवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूपेंद्रभाऊ देवकाबाईच्या अंगणात हजर.

"मावशी, तीनशे रोडगे पायजेत. सरकारनं तुमच्यासाठी केवढं मोठं काम केलं, माहीत आहे ना?"

"त्या कागदात माह्या वावराचं नाव आहे का भाऊ?"

"मावशी, तो जगाचा कागद आहे."

"जगाचा आहे तं बेलढाण्याचाही असन. किती वाजता जेवता?"

"एक वाजता."

दुपारी राजूभाऊ आले. त्यांलेही तीनशेच पायजे होते.

"मावशी, यांनी तुमाले नुसता कागद दाखवला. तुमच्यासाठी आमी लढू."

"लढा बापा, पण उपाशी नका लढू. किती वाजता जेवता?"

"एक वाजता."

तिनं दोघांलेही हाव म्हटलं आन् तशीच माह्याकडं आली. "सचिवबाबू, त्या रविवारची एक वाजताची ग्रामसभेची नोटीस लावा."

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का? त्या दिवशी गावात दोन-दोन सभा आहेत. तिसरीले कोण कुत्रं येते?"

"लावायले काय जाते तुमचं? डिंक मी देते."

सरपंच मीनाताईंची सही घेतली आन् चांगली दहा दिवस आधी नोटीस लावली. डिंक बाईचाच होता.

रविवारी शाळेच्या मैदानात दोन टोकाले दोन मांडव. गोटमारीत पांढुर्णा आन् सावरगाव नदीच्या दोन काठाले उभे राहतात ना, तसेच. फक्त दगडाऐवजी पोंगे. एकीकडून "आभार! आभार!" आन् दुसरीकडून "जवाब दो!" गावाच्याही दोन फळ्या झालेल्या. एकाच्या मांडवात दुसऱ्याचा माणूस पाणी प्यायलेही जाईना. भूपेंद्रभाऊ भाषणात म्हणे, "आदिवासी हा या देशाचा मूळ मालक आहे!" राजूभाऊ म्हणे, "मूळ मालक आहे, हे तुमाले आता समजलं?" मूळ मालकीण मैदानाच्या मधात धुरात डोळे पुसत गोवऱ्या सारून राहिली होती. माह्या ग्रामसभेले हजर होतो मी, मीनाताई आन् एक बकरी.

एक वाजला. देवकाबाईनं आवाज दिला, "चला, रोडगे झाले!" दोन्ही पोंगे बंद. लोक आले आन् पाहतात तं काय, पंगत एकच. पंचायतीसमोर एक लांबच लांब ओळ, पत्रावळी मांडलेल्या.

"मावशी, आमची पंगत कुठं?" भूपेंद्रभाऊ म्हणे.

"हे काय."

"आन् आमची?" राजूभाऊ म्हणे.

"हेच. सहाशे रोडग्याचा आर एकच लावला, बापा. एका आराचे रोडगे दोन पंगतीत या गावात होत नाहीत. रीत मोडायची असन तं मोडा. पण मत मागायले याच गावात येणं आहे तुमाले."

तेवढ्यात कोणीतरी रोडगा फोडला आन् त्यावर तूप पडलं. सगळ्यात आधी दोन्हीकडचे माईकवाले बसले, मंग बाकीचे. दोघं भाऊ दोन टोकाले जाऊन बसले. दहा मिनिटं भाजीच्या सुरक्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

शेवटी देवकाबाई बसली. पत्रावळीवर एकच रोडगा घेतला आन् माह्याकडं पाहून म्हणे, "सचिवबाबू, घ्या मोजून."

तेव्हा माह्या डोक्यात उजेड पडला. दोन वेळा मोजलं. बाहेरचे कार्यकर्ते आन् लेकरं सोडून, निव्वळ गावचे एकशे सत्तावीस! मीनाताईंनी बसल्या जागेवरूनच ग्रामसभा सुरू झाल्याचं सांगितलं.

भूपेंद्रभाऊ अर्धे उठले. "हे काय चालू आहे? हा आमच्या पक्षाचा कार्यक्रम आहे!"

"बसा भाऊ. मी उठली नाही अजून," देवकाबाई म्हणे. "तुमच्या पोरीचं, तृप्तीचं, लग्न माघात आहे ना? सयपाक मलेच सांगितला तुमी."

भूपेंद्रभाऊ बसले.

दुसऱ्या टोकावरून राजूभाऊंनी वकिली काढली. "सचिव, जेवता-जेवता ग्रामसभा होते का? हे कायद्यात आहे का?"

अकरा वर्षांत मी नेत्याले उलटं उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी काय झालं कोणास ठाऊक. म्हटलं, "वकीलसाहेब, नोटीस दहा दिवसांपासून लागलेली आहे. सरपंच हजर, निम्म्यावर गाव हजर. सभासदाच्या तोंडात घास नसावा, असं कायद्यात कुठंच लिहिलं नाही."

मी ठराव वाचायले घेतला. आमच्याकडं बोलणं मराठी आन् कागद हिंदी, म्हणून आधी हिंदीत वाचायचा आन् मंग समजावून सांगायचा. तोवर बाई एक-एक कण तोडून खाऊन राहिली होती. तो रोडगा सरता सरेना. लोकांचे पाय आखडले, भूपेंद्रभाऊंचा फोन चार वेळा वाजला, पण कोणाची उठायची टाप नाही. ठराव खरंच होऊन राहिला, हे दिसल्यावर दोन्ही भाऊंले वेगळीच घाई झाली.

"हा ठराव आमचा पक्ष मांडते!" भूपेंद्रभाऊ म्हणे.

"कायले? आमी मांडतो! आदिवासीसाठी आमी लढलो!"

"तुमी दोघंही या गावचे नाही," मी म्हटलं. "तुमाले इथं मत नाही. भाजी घ्या."

पंगत अशी हसली का बकरी पळाली. ठराव गावच्याच दोघांनी मांडला, हात वर झाले, आन् पंजी पत्रावळी-पत्रावळीनं पुढं सरकली. तुपाचे अंगठे, भाजीच्या सह्या. पानं पिवळी झाली, पण भरली.

मी पंजी बंद केली. सगळे देवकाबाईच्या तोंडाकडं पाहू लागले, आता उठते का मंग उठते. ती हललीच नाही.

"आता काय राहिलं मावशी?" राजूभाऊ कळवळून म्हणे.

"एक जण उपाशी आहे."

तिनं माह्याकडं बोट दाखवलं. मी म्हटलं, "बाई, माहा डबा आहे. बायकोनं, पुष्पानं दिला आहे."

इथं एक सांगायचं राहिलं. मी या गावात नवा होतो तेव्हा एका मोठ्या घरच्या लग्नाचं बोलावणं आलं होतं. घरी आमच्या बाबासाहेबांचा फोटो आहे, हे त्यांले माहीत. माही पत्रावळ त्यांनी वेगळी, भिंतीकडं मांडली. मी जेवलो नाही आन् बोललोही नाही, पण दुसऱ्या दिवसापासून डबा न्यायले लागलो. कोणाले वाटे सचिवाले भारी अकड, कोणाले वाटे पोट नाजूक. बाई त्या लग्नात सयपाकाले होती. तिनं पाहिलं असन, हे मले तोवर सुचलंच नव्हतं.

"डबा घरी जाऊन खा," ती म्हणे. "सरका रे, मधात जागा करा सचिवबाबूले."

गाव सरकलं. मी बसलो. ती उठली तं पंगत उठते, म्हणून तिनं बाजूच्या मीनाताईंच्या हातून मले दोन रोडगे वाढवले. आन् एकशे सत्तावीस गावकरी, दोन पक्ष, दोन माईकवाले, सगळे माह्या जेवणाची वाट पाहत बसले. भाजी तिखट होती, ते बरं झालं. डोळ्यात पाणी आलं तं कोणी कारण विचारलं नाही. माह्या हातचा शेवटचा घास सरला, तेव्हा तिनं आपल्या रोडग्याचा शेवटचा कण तोंडात टाकला आन् उठली. मंग पंगत उठली. चारची बस केव्हाच निघून गेली होती.

आठ तारखेले ठराव पोचला. साहेबानं पंजी उलटवली आन् विचारलं, "सचिवजी, ये दाग किस चीज़ के हैं?" म्हटलं, "गणपूर्ति के, साहब." होळीनंतर पट्टा आला. पट्ट्यासोबत दोन्ही भाऊंनी वेगवेगळे फोटो काढले, दोन्हीत देवकाबाईचं एकच तोंड, रागावलेलं.

पावसाळ्यात नाकेदार सागवानाची रोपं घेऊन आला, तं एकोणसाठ खड्ड्यांत सीताफळाची रोपं उभी. तो म्हणे, "बाई, ये क्या है?" ती म्हणे, "खड्डे चांगले खणले भाऊ तुमी. माह्याच्यानं एवढे झाले नसते."

साठावा खड्डा, नवऱ्याच्या दगडाजवळचा, तिनं रिकामा ठेवला होता. मले बोलावून त्यात माह्या हातानं मोहाचं रोप लावून घेतलं.

"मोठं झालं का सावली होईन," म्हणे. "माहा बुढा तिथं एकटाच आहे. तुमी जेवायले बसत जा त्याच्यापाशी."

डबा मी आता नेत नाही, हे तिले माहीत आहे. कारण दुपारी जेवतो तिच्याच घरी.